करगोट्याची किल्ली

कामथडीत रखमाजी वायरमनच्या ओसरीवर पाहुणा आला की त्याला पाणी मिळतं, गुळाचा चहा मिळतो, आणि तो उठून गेला की त्यानं पायात घालून नेल्या त्या चपला त्याच्याच होत्या का, याची चौकशी होते. चौकशी करणारे खुद्द रखमाजी. गावात कुणी याचं वाईट वाटून घेत नाही. उलट ज्याच्यावर रखमाजींनी अजून संशय घेतला नाही, त्यालाच आपली गावात काही गणती आहे की नाही असं वाटू लागतं.

म्हैस सांजेला दूध कमी द्यायला लागली, तेव्हा त्यांनी आधी गवळ्यावर, मग शेजारच्या फुलाबाईवर आणि शेवटी म्हशीवर संशय घेतला. म्हशीवरचा अजून पुरता गेलेला नाही. मुलाच्या, म्हणजे धनाजीच्या लग्नात मार्गासनीच्या व्याह्यांनी, आनंदरावांनी, त्यांना मानाचं मनगटी घड्याळ दिलं. रखमाजींनी भर मांडवात त्याचं मागचं झाकण काढून आत यंत्र आहे का ते पाहिलं. यंत्र होतं. पण तेव्हापासून आनंदराव कुठंही भेटले की रामराम घालायच्या आधी रखमाजींना वेळ विचारतात.

उभा जन्म त्यांनी पाण्याच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं भरल्या. त्या धंद्यात संशय कामी यायचा. मोटार आपोआप जळली असं कुणी म्हणालं, की रखमाजी नुसता वास घेऊन सांगायचे, विहीर आटली असताना कोरडी चालवली म्हणून. आणि चालवणारा तेव्हा कुठल्या पारावर पत्ते पिसत होता, तेही वर जोडायचे. विहिरीवरच्या पेटीतला फ्यूज सारखा उडतो अशी तक्रार आली तर मात्र त्यांचा उपाय ठरलेला होता. चिनी मातीच्या त्या ठोकळ्यातली केसासारखी तार काढायची आणि तिथं तांब्याची जाड तार पिळून बसवायची. "आता नातवापत्तूर न्हाई जायचा," असं म्हणून धोतर झटकून उठायचं. फ्यूज खरंच जात नसे. पुढं मोटार जाई, आणि ती भरायला रखमाजींकडंच येई. या दोन गोष्टींचं एकमेकींशी काही नातं असेल, असा संशय मात्र अख्ख्या पंचक्रोशीवर संशय घेणाऱ्या या माणसाला कधी शिवला नाही.

अशा घरात प्रगती सून होऊन आली, आणि टिकली, यातच तिचं काय ते कळतं. सासऱ्यानं डब्याला कुलूप लावलं की ती त्याच कुलपाला तेल घालून ठेवायची. त्यामुळं तिच्यावर संशय घ्यायला मजा येत नसे.

धनाजीची कंपनीनं चाकणला बदली केली तेव्हा सगळं बिऱ्हाड तिकडंच हलायचं घाटत होतं. रखमाजी आणि त्यांची बायको सोजराबाई, मागं एवढंच घर उरलं असतं; नात गेली असती, तिचा दंगा गेला असता. प्रगतीनं त्यातून एक वाट काढली. एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस घेतली, मागचं एक सोडून आतली बाकं काढून दोन पलंग, छोटा फ्रीज, पंखा, हात धुवायला बेसिन असं घरच उभं केलं, आणि टपावर सोलरच्या तीन पाट्या चढवल्या. तोरण्याला येणारी पुण्याची माणसं वेल्ह्यात एका रानात ही गाडी लावून दोन दिवस राहायची. चालवायची प्रगती स्वतः. गाव तिला घरगाडी म्हणायला लागलं. गाडी चालली तर सून आणि नात कामथडीत राहणार, धनाजी सुट्टीला येणार. नाही चालली तर चाकण. रखमाजींना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते त्या गाडीवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत. तिथंच सगळं बिनसलं.

गाडीचं वायरिंग भोरच्या प्रशिकनं केलं. हा तिशीचा गडी सोलर बसवण्याचं काम करतो आणि प्रत्येक वायरीला नावाची चिठ्ठी चिकटवतो. रखमाजी शेजारी खुर्ची टाकून बसले होते, शिकायला नव्हे, लक्ष ठेवायला. प्रशिकनं मागच्या बाकाखाली पत्र्याची पेटी केली, तिच्यात बॅटरी ठेवली आणि बॅटरीच्या अगदी अंगाला एक जाडजूड फ्यूज लावला. तिथून निघणारी लाल वायर पेटीच्या पत्र्यातल्या भोकातून बाहेर काढली, आणि त्या भोकाला रबराचं कडं बसवलं, पत्र्याची धार वायरीला लागू नये म्हणून. शिवाय बॅटरीच्या दुसऱ्या, काळ्या वायरीवर दाराजवळ एक लाल मूठ. ती फिरवली की बॅटरी गाडीपासून तुटते. प्रगतीला त्यानं दोनदा बजावलं, वास आला, धूर दिसला, की आधी मूठ फिरवायची, मग काय झालं ते बघायचं.

"एवढ्या बारक्या गाडीला एवढा बंदोबस्त कशाला?" रखमाजींनी विचारलं.

"तात्या, पाट्यांची भीती न्हाई. त्या देऊन देऊन किती देतील. बॅटरी मात्र कुठं वायर उघडी पडली तर सगळा जीव एकदम सोडती. तिच्यावर नजर ठेवायला कुणीतरी पायजे, त्यो ह्यो फ्यूज."

नजर ठेवायला आपण असताना आणखी कुणी कशाला, हे रखमाजींना पटलं नाही. त्यांना भीती वेगळीच होती. त्याच महिन्यात किकवीत कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी चोरीला गेली होती. प्रशिकची मोटरसायकल वळणाआड झाली तशी त्यांनी गोठ्यातून विकलेल्या खोंडाची साखळी आणली. बॅटरीला दोन वेढे घातले, साखळीचं टोक पेटीबाहेर काढून गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टानं जखडलं. बाहेर काढायला भोक एकच होतं, लाल वायरीचं. रबरामुळं साखळी त्यातून जाईना. त्यांनी रबर काढलं. वायर आणि साखळी एकाच उघड्या भोकातून शेजारी शेजारी गेल्या. निघालेलं रबर टाकून द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांच्या काठीच्या टोकाला चीर गेली होती, तिथं ते नेमकं बसलं. पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. साखळीचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरातल्यांना सांगायचं तर मग कुलूप लावायचंच कशाला.

गाडी पहिल्यांदा भोरला जाऊन आली, झकास. दुसऱ्यांदा वेल्ह्याला गेली आणि फ्यूज उडाला. पंखा बंद, फ्रीज बंद, पाहुण्यांनी आणलेलं मटण वाया. रखमाजींनी प्रशिकनं देऊन ठेवलेल्या जादा फ्यूजांतला एक लावला. पुढची खेप पुन्हा वेल्ह्याची, पुन्हा फ्यूज गेला. प्रशिक फोनवर म्हणाला, फ्यूज गेला म्हणजे त्यानं त्याचं काम केलं, कुठंतरी लाल वायर लोखंडाला लागतीय, मी येऊन पेटी उघडून बघतो. रखमाजींनी त्याला येऊ दिलं नाही. पेटी उघडून बघायची एवढी घाई ज्याला, त्याचाच त्यांना आधी संशय आला. कच्चे फ्यूज घालून पुढं विकत राहायचा डाव असणार.

पण मग त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली, आणि प्रशिक बिचारा सुटला. भोरला गेलं की फ्यूज जात नाही. वेल्ह्याला गेलं की जातो. वेल्ह्याच्या वाटेवर मार्गासनी. मार्गासनीत प्रगतीचं माहेर. माहेरात आनंदराव, ज्यांच्या दारात गाडी दर खेपेला चहाला थांबते. लेक चाकणला नवऱ्याजवळ जाऊन राहावी असं आनंदरावांनी एका बारशात चार माणसांत बोलूनही दाखवलं होतं. रखमाजींना सगळं आरशासारखं दिसू लागलं. भोरचा रस्ता गुळगुळीत आणि मार्गासनीपुढचा खड्ड्याखड्ड्यांचा, हे त्याच आरशात त्यांच्या पाठीमागं दिसत होतं, पण तिकडं त्यांनी मान वळवली नाही.

सोजराबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पेटीला कुलूप तुमचं. किल्ली तुमच्या कमरंला. मग व्याही आत शिरले कुठनं?"

"दुसरी किल्ली करून घेतली आसंल."

"तुमच्या कमरंची किल्ली व्याह्यांनी नेली कधी, आन् परत बांधली कधी?"

"करगोटा कुणी ववला?"

"म्या."

त्यानंतर काही दिवस रखमाजी आंघोळीला जातानाही करगोट्यावर हात ठेवून जाऊ लागले, आणि सोजराबाई मुद्दाम त्यांच्या कमरेकडं बघून हसू लागल्या. फुलाबाईनं ही गोष्ट पाणवठ्यावर नेली, आणि तिथून ती मार्गासनीला एसटीच्या आधी पोचली.

तिसऱ्यांदा फ्यूज गेला तेव्हा पाहुण्यांत एक म्हातारं माणूस होतं, आणि उकाड्यानं त्याला कासावीस झालं. प्रगती परत आली. जेवणं झाल्यावर ती सासऱ्यासमोर बसली.

"मामा, शनिवारी एक खेप हाय, ती करते. पुन्हा झालं तर कारण कळल्याबिगर गाडी रस्त्यावर न्हाई नेणार. माणसं झोपत्यात तिच्यात. कारण कळलं तर हितंच राहते. न्हाई कळलं तर गाडी विकते, आन् आमी जातो चाकणला."

नात तिच्या मांडीवर पेंगत होती. रखमाजींनी हूं म्हटलं आणि उठले. त्यांच्या डोक्यात बेत शिजला होता. एक, आपण स्वतः गाडीत बसून जायचं, पेटीवरच. दोन, फ्यूजच काढून टाकायचा. फ्यूज नसला तर व्याही बिघडवणार काय? शुक्रवारी त्यांनी पेटी उघडली, तांब्याची जाड तार घेतली, विहिरीवरच्या पेट्यांत आयुष्यभर पिळली तशी पिळली आणि फ्यूजच्या जागी आवळून बसवली. नातवापत्तूर. आता गंमत बघा. त्या सगळ्या गाडीत रखमाजींच्या स्वभावाचं कुणी असेल तर तो फ्यूज. कुणावर विश्वास नाही, जराशी शंका आली की उठून चालता होणारा. आणि तोच तेवढा त्यांनी आपल्या हातानं घराबाहेर काढला.

शनिवारी सकाळी सासरा मागच्या बाकावर, पेटीच्या बरोबर वर, काठी दोन गुडघ्यांत धरून बसला. प्रगतीनं पुढं या म्हणून पाहिलं. नसरापूर गेलं, आंबवणे गेलं, मार्गासनी आली. आनंदरावांनी चहाची कपबशी घेऊन गाडीचं दार उघडलं.

"किती वाजलं, पाव्हणं?"

"तुमच्या घड्याळात बघा," रखमाजी म्हणाले. त्यांनी मनगट सदऱ्याच्या बाहीत ओढून घेतलं.

"उतरा तरी. गाडीतच बसून चहा पेताय व्हय? आमच्या ओसरीवर काय इचू हायत?"

"हितं गार वाटतंय."

"ऐकलं म्या, कशापायी गार वाटतंय ते." आनंदराव कपबशी त्यांच्या हातात देऊन मागं सरले आणि लांबूनच मोठ्यानं म्हणाले, "ह्ये बघा, हात दोन्ही दिसत्यात न्हवं? एवढ्या अंतरावनं मला फक्त चहाच बिघडवता येतो." अंगणात पाच-सहा माणसं होती, सगळी हसली. प्रगती हसली नाही. रखमाजींनी चहाचा आधी वास घेतला, मग प्याले. पेटीवरून ते तसूभरही हलले नाहीत. निघताना त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. जसंच्या तसं.

गाव मागं पडलं आणि खड्डे सुरू झाले. रखमाजी विजयी मुद्रेनं बसले होते. व्याह्यांचा हात पेटीला लागला नव्हता, आता दिवा, पंखा, सगळं वेल्ह्यापर्यंत चालणार, आणि परतताना आनंदरावांच्या दारात उभं राहून काय बोलायचं ते जुळवत होते. गाडी एका मोठ्या खड्ड्यात आदळली. थोड्या वेळानं त्यांच्या बुडाला ऊब लागली. ऊन आत आलं असेल असं त्यांना वाटलं. ऊन पलीकडच्या खिडकीत होतं. मग वास आला, आणि तो वास त्यांच्याइतका कुणाच्या ओळखीचा असणार? मोटार जळल्याचा वास. इथं मोटार नव्हती. इथं ते होते आणि त्यांच्याखाली पेटी होती.

"प्रगते, थांबव," ते म्हणाले.

तिनं गाडी कडेला घेतली, मागं वळून धूर पाहिला आणि आधी दाराजवळची लाल मूठ फिरवली. मग सासऱ्याला दंडाला धरून खाली ओढलं. बाकावरची गादी खालून धुमसत होती. रस्त्यालगत सावळा नावाचा धनगर मेंढरं चारत उभा होता, दारात मावणार नाही असा धिप्पाड. त्यानं काही न विचारता गाडीत शिरून गादी बाहेर फेकली, खांद्यावरचं घोंगडं पेटीवर टाकलं आणि त्यावर आपण बसला. धूर घोंगड्यातून फुसफुसत निघाला आणि विझत गेला. मेंढरांनी रस्ता अडवला, मागून येणारा टेम्पो थांबला, त्यातली माणसं उतरून बघायला लागली.

"कुलूप काढा, बाबा," सावळा म्हणाला. "आत आजून धगतंय का बगू."

मग त्या सगळ्या माणसांसमोर रखमाजींना सदरा वर करून, धोतरात हात घालून करगोट्याची किल्ली शोधावी लागली. गाठ सुटेना. टेम्पोवाला म्हणाला, आंघोळीची ही वेळ हाय का. शेवटी त्यांनी करगोटाच तोडला.

पेटी त्यांनीच उघडली. बाकी सगळे धुरामुळं मागं होते. आत वाकून पाहिलं तेव्हा वायरवाल्या माणसाला एका नजरेत कळायचं ते कळलं. तांब्याची जाड तार शाबूत होती, ती कसली जातेय. लाल वायरीचं वरचं आवरण वितळून उघडं तांबं काळं पडलं होतं, आणि जिथं ती पत्र्यातल्या भोकातून बाहेर पडत होती तिथं ती खोंडाच्या साखळीच्या एका कडीला डाग दिल्यासारखी चिकटली होती. गाडी हिसका खायची, साखळी घासायची. दर खेपेला थोडी थोडी घासत गेली होती. आणि दर खेपेला फ्यूजनं तेवढंच ओळखून वाट बंद केली होती.

मार्गासनीपासून ते पेटीवरून उठले नव्हते. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची, साखळी त्यांची. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या संशयाला टेकायला दुसरं माणूस मिळेना. प्रशिक भोरला होता. व्याही अंगणात दोन्ही हात दाखवत उभे राहिले होते. म्हैस गोठ्यात होती.

साखळी काढून पिशवीत घालायला वेळ लागला नसता. वायर खराब होती, असं म्हटलं की प्रशिकचं नाव पडलं असतं आणि यांचं राहिलं असतं. त्यांचा हात साखळीकडं गेलाही.

मागून प्रगती म्हणाली, "मामा, काय दिसतंय?"

"काय न्हाई" म्हटलं असतं तर पुढचं सगळं ठरलेलं होतं. ओसरी, सोजराबाई, आणि चपला तपासायला एक पाहुणासुद्धा नाही. ते पेटीपासून उठले, काठी उलटी केली आणि तिच्या टोकाचं रबराचं कडं ओढायला लागले. निघेना. दातांनी धरून काढलं. मग ते धोतराला पुसून सुनेच्या तळहातावर ठेवलं.

"हे प्रशिकला दे. त्या भोकाचं हाय. म्या काढलं हुतं."

प्रगतीनं ते बघितलं, काठी बघितली, पेटीत डोकावून साखळी बघितली, आणि फ्यूजच्या जागी पिळलेली तार बघितली. मग तारेकडं बोट केलं.

"आन् हे?"

"तेबी म्याच."

"तुमी वर बसला हुता, मामा. रातीला तिथं कुणाचं तरी पोरगं निजलं असतं."

रखमाजींनी मान हलवली. तिनं फोन काढला आणि प्रशिकला सांगितलं की कारण सापडलं, नवी लाल वायर घेऊन ये, फ्यूज घेऊन ये, कडं हाय माझ्याजवळ. कारण सापडलं, हे दोन शब्द ऐकले आणि रखमाजी रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले. सावळानं घोंगडं झटकलं तर मध्ये ताटाएवढं काळं भोक. नवीन आणून देईन असं ते म्हणाले, तर सावळा म्हणाला, आसू द्या, आता डोक्यावरनं घेतलं की चेहरा बाहेर काढायला बरं पडंल.

प्रशिकनं दुपारपर्यंत सगळं पहिल्यासारखं केलं. साखळी त्यानं तोडून रखमाजींच्या हातात दिली. वेल्ह्याच्या पाहुण्यांना पंखा मिळाला. परतताना प्रगतीनं मार्गासनीला गाडी थांबवली आणि रखमाजी आपण होऊन उतरले, ओसरीवर जाऊन बसले. आनंदरावांच्या कानावर सगळं आधीच आलं होतं. त्यांनी वेळ विचारली नाही. रखमाजींनीच मनगट पुढं करून सांगितली.

चाकणची बोलणी मागं पडली. पेटीची किल्ली आता करगोट्याला नसते. प्रगतीनं ती ओसरीच्या खांबाला, येत्याजात्याला दिसेल अशा खिळ्याला टांगली आहे. रखमाजी येता-जाता तिच्याकडं बघत नाहीत, असं ते सांगतात. परवा मात्र सोजराबाईंनी त्यांना खांबापाशी उभं राहिलेलं पाहिलं. किल्लीचे दात काल आतल्या बाजूला होते आणि आज बाहेरच्या बाजूला कसे, याचा ते विचार करत होते, आणि अंगणात फुलाबाई कशाला आली होती, याचाही.